कैरोहून आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, वाचनालयाचे विश्वस्त या नात्याने तुम्ही देणगीदारांच्या अटींचे कागद वर्षानुवर्षे जपत आला आहात, म्हणूनच इथल्या गमालिया भागातील तातार अल-हिजाझिया हिच्या मदरशाविषयी तुम्हांला सविस्तर लिहावेसे वाटले. तातार ही त्या काळी इजिप्तवर राज्य करणाऱ्या मामलुक राजवटीचा सुलतान अन-नासिर मुहम्मद याची मुलगी. तिने आपल्या वाड्यालगत 1348 साली कबरीसाठी घुमट बांधला आणि 1360 पर्यंत त्याला जोडून मदरसा उभारला. शाफी व मालिकी या दोन्ही परंपरांचे धर्मशास्त्र शिकवायला अध्यापक नेमले, ग्रंथालय ठेवले आणि खर्चासाठी मिळकती वक्फ करून दिल्या. कबरीची खोली रस्त्याच्या कोपऱ्यावर काढलेली असल्याने, खिडकीशी पाळीपाळीने रात्रंदिवस चालणारे कुराणपठण येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कानी पडत असे.

आई, तुला मुलांची व्यवस्था अधिक आवडेल. याच परिसरात वाढलेला इतिहासकार मकरीझी लिहितो, की इथल्या शाळेतील प्रत्येक अनाथ मुलाला रोज चांगल्या पावाच्या पाच रोट्या, थोडे पैसे आणि थंडी-उन्हाळ्याचे वेगवेगळे कपडे मिळत. त्यानेच दिलेला एक किस्सा वाचून मला हसू आवरेना. घुमटावर खोजांचा, म्हणजे जनानखान्यातल्या नपुंसक सेवकांचा, कडक पहारा असे. एका कुराणपाठकाने दुसऱ्याची चुगली केली, की हा आज आत विजार न घालताच गेला होता. मुख्य खोजाने त्या बिचाऱ्याला बोलावून फटके दिले आणि 'बाईसाहेबांसमोर विजारीशिवाय जातोस?' असे दरडावले. लोकांनी रदबदली केली नसती तर त्याची नोकरीही गेली असती. बाईसाहेब तोवर कबरीत होत्या, पण त्यांचा रुबाब मात्र तसाच होता!

दुर्दैवाने हा धाक खोजांपुरताच राहिला. पन्नासेक वर्षांतच जमालुद्दीन या बड्या सरकारी अधिकाऱ्याने शेजारी घर केले आणि ज्यांच्याकडून पैसा उकळायचा त्यांना डांबण्यासाठी मदरशाचा तुरुंग केला. रोट्यांपासून कपड्यांपर्यंत सगळे ठरवून ठेवणाऱ्या बाईला असा शेजारी मिळावा, याचा मला आजही राग येतो. गेल्या शतकात जर्मन पुरातत्त्वज्ञांनी या वास्तूची डागडुजी केली.

थंडीत तुम्ही याल तेव्हा तिथे जाऊ. गल्ल्या अरुंद आहेत आणि बरेच चालावे लागेल, तेव्हा आईने चालायचे बूट आठवणीने आणावेत.

तुमची लेक