गाडीचं पासिंग दरवर्षी, ड्रायव्हरचं कधी?

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

बीड जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांत मी नेत्रचिकित्सा अधिकारी होतो, आता निवृत्त आहे. पद ऐकायला मोठं, काम साधं. चष्म्याचा नंबर काढायचा, मोतीबिंदू हुडकायचा, ऑपरेशनसाठी मोठ्या दवाखान्यात पाठवायचं. डॉक्टरांपुढं माणसं जे बोलत नाहीत ते माझ्यापाशी बोलत. त्यात ड्रायव्हर पुष्कळ असायचे: ट्रकवाले, पिकअपवाले, काळी-पिवळीवाले, ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवरचे. तक्रार बहुधा एकच. "समोरच्यानं अप्पर (हेडलाइटचा वरचा झोत) मारला की दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. अंदाजानं काढतो." मी पेन उचललं की लगेच पुढचं वाक्य यायचं, "चष्मा द्या, पण कागदावर लिहू नका. मालकाला कळलं तर गाडीवरून उतरवील."

मला सांगायचं आहे ते यातच आलं. दुखणं लपवलं तर चूल पेटते आणि सांगितलं तर विझते, असं जोवर आहे तोवर तुमच्या खात्याचा एकही फॉर्म खरा भरला जाणार नाही.

त्या फॉर्मचंच बघा. लायसन्ससाठी नमुना १ भरावा लागतो, म्हणजे आपल्या तब्येतीचं आपणच लिहून दिलेलं घोषणापत्र. फिट येते का, अचानक शुद्ध हरपते का, २५ मीटरवरून चांगल्या उजेडात नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न त्यात असतात. प्रश्न चांगलेच आहेत. पण आमच्याकडं तो फॉर्म भरतं कोण? तालुक्याच्या सेवा केंद्रातला पोरगा. तो सरसकट खुणा करत जातो आणि अर्जदार शेजारी उभा राहून ओटीपी सांगतो. प्रश्न काय होते हे त्या अर्जदाराला ठाऊकसुद्धा नसतं. नमुना १-अ, म्हणजे डॉक्टरांचं प्रमाणपत्र, हे चाळिशी ओलांडलेल्यांना आणि जड वाहनवाल्यांना लागतं. ते कसं मिळतं, किती मिनिटांत मिळतं, हे तुमच्याच खात्यातल्या कुणालाही खासगीत विचारा.

याहून मोठं भगदाड दुसरीकडं आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली, आणि ६ नोव्हेंबर २०२४ ला पुन्हा घटनापीठानं, सांगितलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतचं मालवाहू किंवा प्रवासी वाहन चालवता येतं, वेगळी परवानगी लागत नाही. निकाल मला पटतो. लायसन्सच्या तांत्रिक मुद्द्यावर बोट ठेवून विम्याची भरपाई नाकारली जायची, त्याला त्यानं चाप बसला. पण हिशेब मांडून बघा. विशीत लायसन्स काढलेल्या पोराचं लायसन्स थेट चाळिशीपर्यंत चालतं. त्यासाठी त्याला फक्त नमुना १ द्यायचा. म्हणजे टोमॅटोनं भरलेली पिकअप रात्रीत वाशी मार्केटला पोचवणारा, किंवा लग्नाचं वऱ्हाड जीपमध्ये कोंबून नेणारा माणूस वीस वर्षांत एकदाही कुठल्या डॉक्टरांपुढं उभा राहिलेला नसतो. त्यातच कुणाला पस्तिशीत साखर सुरू होते. सकाळी गोळी घ्यायची, माल वेळेत पोचवायचा म्हणून जेवण टाळायचं, आणि दुपारी मांजरसुंब्याच्या घाटात दरदरून घाम, हातपाय लटपट. साखर एकदम उतरली की माणूस दारू प्यायल्यागत वागतो, बघणाराही तसंच समजतो.

गाडीच्या बाबतीत सरकार इतकं भोळं नाही. मालवाहू गाडीचं पासिंग, म्हणजे ती रस्त्यावर चालायला धड आहे का याची तपासणी, पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावं लागतं. समृद्धी महामार्गावर तर टायर घासलेली गाडी परत पाठवायची मोहीमही तुमच्या खात्यानं राबवली. छान केलं. त्या टायरवर बसलेल्या पन्नाशीच्या माणसाचं जड वाहनाचं लायसन्स मात्र पाच वर्षांतून एकदा नवं होतं, तेही वर सांगितलेल्या प्रमाणपत्रावर.

झोपेचं तर विचारूच नका. २०२५ पर्यंत लागू असलेला मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा होता: दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, आणि सलग ५ तासांनंतर अर्धा तास विश्रांती. हे मी एकदा एका ट्रकवाल्याला सांगितलं तर तो हसायला लागला. जो माणूस झोपेत मोठ्यानं घोरतो, मध्येच ज्याचा श्वास अडकतो, तो आठ तास पडून राहिला तरी त्याची झोप होत नाही. दिवसा डोळे उघडे ठेवून त्याला डुलकी लागते. ताशी ८० च्या वेगात चार सेकंदांत गाडी जवळजवळ ९० मीटर पुढं जाते. मान जाड, पोट सुटलेलं, बायको घोरण्यानं वैतागलेली. एवढं विचारलं तरी कुणाला पुढच्या तपासणीला पाठवायचं ते कळतं. सर्दीच्या साध्या गोळ्यांनीही झोप येते, हे औषधाच्या दुकानात कुणी सांगत नाही.

देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालात त्यातले ७१ टक्के मृत्यू अतिवेगाच्या खात्यावर टाकलेत. वेग असेलच. पण ज्याला समोरचं बंद पडलेलं ट्रेलर दिसलंच नाही, त्याचाही अपघात वेगातच जमा होतो. दारू, मोबाईल, उलट्या दिशेनं जाणं यांना रकाने आहेत, अंधुक दिसण्याला नाही. निदान आपल्या राज्यात, जीव गेलेल्या अपघाताच्या तपासात, ड्रायव्हरचे डोळे शेवटचे कधी तपासले आणि तो किती तास जागा होता, हे दोन प्रश्न तरी घाला.

कायदा दिल्लीचा आहे, हे मला कळतं. तरी तुमच्या हातात पुष्कळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६ नुसार आजारी ड्रायव्हरकडून प्रमाणपत्र मागायचा, लायसन्स रद्द करायचाही अधिकार तुमच्या अधिकाऱ्यांना आजच आहे. माझी विनंती उलटी आहे: सुरुवात त्या दंडुक्यानं करू नका. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत महिन्यातून एक दिवस ड्रायव्हरांसाठी ठेवा. नजर, साखर, बीपी, झोप. फुकट, आणि चष्मा तिथंच. निकालाचा कागद ड्रायव्हरच्या हातात द्या. मालकाला नाही, आरटीओलाही नाही. फिट येणारा, किंवा उपचार करूनही नजर न सुधारणारा, एवढ्यांचाच अपवाद करा. बहुतेकांचं दुखणं चष्म्यानं, गोळीनं किंवा मोतीबिंदूच्या ऑपरेशननं आटोक्यात येतं. अशा माणसाला घरी बसवायची गरजच नसते.

ऑपरेशननंतर काही आठवडे गाडी बंद ठेवावी लागते, आणि तिथंच सगळं अडतं. एसटीतल्या ड्रायव्हरला अपंगत्व आलं तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० त्याची नोकरी वाचवतं. खासगी ट्रकवाल्याला कोण वाचवणार? रिक्षा आणि मीटर टॅक्सीवाल्यांसाठी सरकारनं कल्याणकारी मंडळ काढलंय. त्याच धर्तीवर पिकअप आणि ट्रकवाल्यांना ऑपरेशनच्या काळातला भत्ता द्या. एका अपघातानंतर मृतांच्या वारसांना मदत जाहीर करता, त्या रकमेत किती डोळे नीट होतील याचं गणित तुमच्या अधिकाऱ्यांना करायला सांगा.

उसाचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार इथले ट्रक आणि ट्रॅक्टरवाले उचल घेऊन टोळ्यांसह पश्चिम महाराष्ट्राकडं आणि कर्नाटकाकडं निघतात. एकदा गेले की चार-पाच महिने रात्रंदिवस फड ते कारखाना, कारखाना ते फड. ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावायचे कार्यक्रम होतातच, फोटोही निघतात. यंदा त्याच मांडवात एक टेबल आमचं लावा. अक्षरांचा तक्ता, टॉर्च आणि साखर तपासायचं मशीन एवढं पुरे. माझ्यासारखे निवृत्त लोक तालुक्यातालुक्यात आहेत. मानधन नको, फक्त जिल्हा शल्यचिकित्सकांना तुमच्या खात्याचं एक पत्र वेळेत जाऊ द्या. गेल्यावर तपासायला माणूस सापडत नाही.

कळावे,
आपला,
एक निवृत्त नेत्रचिकित्सा अधिकारी,
अंबाजोगाई, जि. बीड