"कितवा हात असेल हा?" विचारणाऱ्या सरांना

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

तुम्ही समोरच्याच बिल्डिंगमध्ये राहता, तोंडी सांगता आलं असतं. पण तुमच्यापुढे शब्द फुटत नाहीत, आणि नौपाड्यातल्या आपल्या माणसांनीही हे वाचावं असं वाटलं.

परांचीवरून पडलो त्याला आठ महिने झाले. तीस वर्षं ठाण्यातल्या भिंती रंगवल्या, आणि आता घरातल्या भिंतीकडे बघत पडून होतो. तुम्ही हट्टाने उठवलंत, लोकलने सीएसएमटीला नेलंत आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या जहांगीर निकल्सन संग्रहात चित्रकार वासुदेव गायतोंडेंच्या चित्रासमोर उभं केलंत.

आधी काहीच दिसेना. माणूस नाही, झाड नाही. परत फिरावंसं वाटलं. तुम्ही अर्थ सांगत बसला नाहीत. एवढंच विचारलंत, "कितवा हात असेल हा?" म्हणजे रंगाचा कितवा थर.

मग मी जवळ गेलो. वरचा रंग पातळ, खालचा मधूनच वर आलेला, कुठे खरवडल्यासारखा. कोपरीच्या चाळीत आईची खोली मी अशीच खरवडली होती. पिवळ्या डिस्टेंपरखाली हिरवा, त्याखाली नीळ घातलेला चुना. ती नीळ आईने स्वतः कालवली होती, बादली मी धरली होती. त्या निळ्यापाशी पातं क्षणभर थांबलं, मग वरून लांबी (पुट्टी) भरली, प्रायमर मारला. कामच होतं ते. चित्रासमोर ते सगळं घशाशी आलं, आणि तुम्ही दुसरीकडे बघत उभे राहिलात. त्याचे आभार सगळ्यात आधी.

येताना गाडीत सांगितलंत की गायतोंडेही रोलर वापरायचे, पॅलेट नाइफने रंग ओढायचे. १९२४ साली नागपुरात जन्मलेला, गिरगावच्या चाळीत वाढलेला, जे. जे. कला महाविद्यालयात शिकलेला माणूस, आणि २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांचं मोठं प्रदर्शन झालं. पण माझ्या मनात रोलरच राहिला. आपल्या चित्रांना ते 'अमूर्त' म्हणू देत नसत, हे मला लगेच पटलं. भिंतीवरची ओल कशाचं चित्र असते? ती ओलच असते, आणि तिच्याकडे तासभर बघता येतं.

सर, तुमच्या बाल्कनीच्या डाव्या कोपऱ्यात ओल आली आहे. पाऊस संपून भिंत नीट वाळली की मी येतो. शिडीवर मुलगा चढेल, खालचा भाग मी करीन. पैशांचा विषय काढायचा नाही.

आपला,
समोरच्या बिल्डिंगमधला रंगारी