सावित्रीवरचा पूल 165 दिवसांत झाला, मग आम्हीच काय घोडं मारलंय?

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री, महाराष्ट्र राज्य, मुंबई

साहेब, सप्रेम नमस्कार.

हे पत्र डाव्या हाताने टाइप करतोय. उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. गेल्या आठवड्यात महाडजवळ सर्व्हिस रोडवर पाण्याने भरलेला खड्डा दिसला नाही. हाड बसवण्याचे पैसे मी भरले, रस्त्याचा कर आधीच भरलेला होता. रात्रभर ठणकतं, झोप लागत नाही, मग जुनं सगळं आठवतं.

2 ऑगस्ट 2016. मुंबई-गोवा महामार्गावर राजेवाडीजवळचा, सावित्री नदीवरचा 1928 सालचा दगडी कमानींचा पूल रात्री पुरात गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसटी, एक तवेरा, चाळीसच्या आसपास माणसं. कमानींच्या सांध्यांतून झाडं उगवलेली आम्हाला रस्त्यावरून दिसायची. तुमच्या खात्याने त्याच मे महिन्यात तपासणी करून पूल सुरक्षित ठरवला होता. चष्मा कोणाचा होता कोण जाणे!

पुढच्या जूनपर्यंत नवा पूल उभा. 165 दिवस, खर्च म्हणे पस्तीस कोटींच्या वर. अभिनंदन. पण जुन्या पुलाची एक तरी खूण ठेवलीत? ते घडीव दगड गेले कुठे? बोस्नियात मोस्तारचा 1566 चा पूल 1993 मध्ये तोफांनी पाडला. त्यांनी 2004 मध्ये तीच कमान, त्याच जातीचा दगड वापरून पुन्हा उभी केली. युद्धात होरपळलेल्या गावाला जमलं. आपल्याकडे काळ्या दगडाचा तुटवडा आहे का?

दगडी कमान वरच्या ओझ्याने सहसा पडत नाही, पायाखालचा मुरूम वाहून गेला की बसते. म्हणून एवढंच मागतो: कोकणातल्या उरलेल्या ब्रिटिशकालीन पुलांचे पाये पावसाळ्याआधी पाणबुड्यांकडून तपासा. जिथे पाडणं भागच आहे, तिथे मूळ कमानींचं रेखाटन समोर ठेवून बांधा. आत काँक्रीट घाला, आमची हरकत नाही.

आणि हो, 165 दिवसांत पूल होतो, तर 2011 पासून रुंद होत असलेला मुंबई-गोवा महामार्ग का होत नाही? कॅमेरे निघून गेले म्हणून? दर गणपतीला नवी तारीख मिळते. चाकरमानी खड्डे मोजत येतो आणि मोजत परत जातो. ठेकेदार बदलतात, सरकारं बदलतात, फलक बदलतात. निवडणुकीत मात्र याच रस्त्याने तुमचे ताफे येतात, तेव्हा एका रात्रीत डांबर पडतं. ते डांबर येतं कुठून, हे तरी सांगा.

उत्तर पाठवणार असाल तर ‘आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवण्यात आले आहे’ हे वाक्य नको. ते माझ्याकडे आधीच आहे, शिक्क्यासकट.

आपला,
महाडचा एक करदाता