वेण्णा तलावाकाठी बिऱ्हाड करावं का? काकांना एक उघडं आभारपत्र

तीर्थस्वरूप काका,
शिरसाष्टांग नमस्कार.

पुण्याहून बिऱ्हाड उचलून महाबळेश्वरला यावं का, या आमच्या प्रश्नाला तुम्ही ‘या’ही म्हणाला नाहीत आणि ‘येऊ नका’ही नाही. काय बघायचं, कुठल्या महिन्यात बघायचं आणि कुणाला काय विचारायचं, ते तेवढं सांगितलंत. आयुष्यभर इथल्या बंगल्यांची देखभाल केलेल्या माणसाकडून हे ऐकायला मिळालं, त्याचे आभार मानायला हे पत्र. ते उघड लिहितो आहोत, कारण मे महिन्यात वेण्णा तलावावर होडीत बसून ‘इथंच राहायला आलो तर?’ म्हणणारी कुटुंबं पुष्कळ असतात आणि प्रत्येकाला तुमच्यासारखं माणूस भेटत नाही.

तुमचा पहिला सल्लाच सगळ्यात मोठा: विकत घेण्याआधी एक अख्खा पावसाळा भाड्यानं काढा. महाबळेश्वरला वर्षाला सुमारे साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलै २०२१मध्ये तर एका दिवसात जवळपास सहाशे मिलिमीटर पडला. पुण्यात वर्षभरात पडतो त्याहून फार कमी नाही. मे महिन्यात घर बघायला येणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. भिंती कोरड्या, नवा रंग दिलेला, खिडक्या उघड्या.

म्हणून उन्हाळ्यातच घर बघायची वेळ आली तर नजर कुठे टाकायची, तेही तुम्ही शिकवलंत. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून आधी वास घ्यायचा. पलंग पुढे ओढून त्यामागची भिंत बघायची, कारण रंगारी तिथे हात फिरवत नाही. नैर्ऋत्येकडची आणि पश्चिमेकडची भिंत वेगळी तपासायची. पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो आणि तो याच भिंतींवर आपटतो. जांभ्या दगडाची भिंत पाणी पिते. तिला बाहेरून पत्र्याचं किंवा ताडपत्रीचं आवरण घालायची सोय आहे का, म्हणजे त्यासाठी भिंतीत खुंट्या, अँगल आहेत का, हे बघायचं. जुन्या बंगल्यांना पावसाळ्याआधी गवताच्या झडी, म्हणजे आडोसे, बांधत, ते याचसाठी. आणि पावसात भिजलेल्या भिंतीला ऑक्टोबरमध्ये रंग द्यायचा नाही. ती आतून वाळायला डिसेंबर उजाडतो, तोवर दिलेला रंग फुगून पोपडे धरतो.

छपराबद्दल तुम्ही सांगितलंत ते तर इथे जसंच्या तसं उतरवून ठेवावंसं वाटतं. नुसत्या स्लॅबवर इथे भागत नाही. केसाएवढ्या भेगेतूनही चार महिने पाणी झिरपत राहतं आणि आतली सळई गंजते. त्यामुळे स्लॅबवर पत्र्याची शेड हवीच, आणि पत्रा भिंतीच्या बाहेर निदान तीन फूट यायला हवा. पत्र्याचा हुक किंवा स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावरच मारलेला हवा, कारण खोलगट भागातून पाणी वाहतं आणि तिथलं भोक गळणारच. वरचा पत्रा खालच्यावर सहा इंच चढवतात, तो इथे त्याहून जास्तच चढवावा आणि शेजारच्या पत्र्यांच्या जोडाचं तोंड वाऱ्याकडे येऊ देऊ नये. भर दुपारी माळ्यावर जाऊन दिवा बंद करायचा आणि वर बघायचं: उजेडाचा जो ठिपका दिसेल तिथून जुलैत धार लागेल. वॉशर उन्हानं कडक होऊन तडकतात, म्हणून पत्रा चांगला असला तरी वॉशर दर काही वर्षांनी बदलावे लागतात. हे काम मेच्या पहिल्या पंधरवड्यातच उरकायचं, कारण नंतर सगळ्या गावाला तोच पत्रेवाला हवा असतो. छपराच्या कडेला पाणी वाहून नेणाऱ्या पन्हळीत जांभूळ, हिरडा, पिसा या झाडांचा पाला साचतो. तो मेअखेर एकदा आणि जुलैत उघडीप मिळाली की पुन्हा काढायचा. पाला तुंबला की पाणी उलटं फिरून भिंतीत शिरतं आणि लोक विनाकारण पत्र्याला दोष देतात.

शोषखड्ड्याचा प्रश्न आम्हाला सुचलाही नसता. ऑगस्टमध्ये जमीन पाण्यानं तुडुंब असते, खड्डा शोषायचं थांबतो आणि संडास उलटा येतो. हे घरमालक आपणहून सांगत नाही, शेजाऱ्याला विचारावं.

एवढा पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये पाण्याची ओढ असते, याचं नवल वाटणाऱ्यांनी डोंगराची घडण समजून घ्यावी. पठारावर जांभा आहे, उतार तीव्र आहे. पाणी थांबत नाही, वाहून जातं आणि झरे उन्हाळ्यात आटतात. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२मध्ये बांधलेला वेण्णा तलाव हा नुसता नौकाविहाराचा नाही, गावाचं पिण्याचं पाणी त्यातून येतं. ऐन हंगामात पर्यटकही तेच पाणी वापरतात. तुमचा हिशोब असा होता: माणशी रोजचे १३५ लिटर धरले तर चौघांना ५४० लिटर लागतात. चार दिवस नळ आला नाही तरी चालायचं असेल तर दोन हजार लिटरच्या वरची टाकी हवी. छपरावरचं पाणी साठवायचं तर १०० चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पावसाचं १०० लिटर पाणी येतं. पण टाकी जूनमध्ये भरून उपयोग नाही, ती परतीच्या पावसात भरून झाकून ठेवायची. पहिल्या सरींचं पाणी सोडून द्यायचं, कारण त्यात पाला आणि माकडांची घाण असते. बोअर मारू म्हणणाऱ्यांना तुम्ही थांबवता, तेही बरोबर. जानेवारी २००१पासून महाबळेश्वर-पाचगणी हा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील प्रदेश आहे. भूजल काढायला, झाड तोडायला, उतारावर बांधायला इथे वेगळे नियम आहेत, आणि ते आहेत म्हणूनच हे जंगल टिकलं आहे, असं आमचंही मत आहे.

कागदपत्रांबाबत तुम्ही म्हणालात, ‘घर नंतर बघा, आधी उतारा बघा.’ गावठाणात मिळकत पत्रिका आणि बाहेर सातबारा. त्यावर धारणाधिकार वर्ग १ आहे की वर्ग २ (म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन), हे आधी वाचायचं. महाबळेश्वरात बऱ्याच जागा सरकारी भाडेपट्ट्यावरच्या आहेत. अशा जागेच्या पट्ट्याची मुदत किती उरली आणि हस्तांतरणाला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मिळाली आहे का, हे दोन कागद हातात आल्याशिवाय इसार द्यायचा नाही. मेटगुताड, भोसे, भिलार या बाजूला शेतजमिनीत ‘फार्म हाऊस’ म्हणून काही दाखवलं तर लक्षात ठेवायचं की शेतकरी नसलेल्याला कुळवहिवाट कायद्याच्या कलम ६३मुळे परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. बिगरशेती आदेश, बांधकाम परवाना, मंजूर नकाशा आणि दुय्यम निबंधकाकडचा तीस वर्षांच्या व्यवहारांचा शोध, हे सगळं वकिलाकडून बघून घ्यायचं. मालकानं दिलेल्या झेरॉक्सवर भिस्त ठेवायची नाही. ‘सगळ्यांचं असंच आहे, काही होत नाही’ हे वाक्य कानावर आलं की तिथून उठायचं, हा तुमचा नियम आम्ही पाळतो आहोत.

भाड्याच्या करारातली मेख तर बाहेरच्याला कळणं अवघडच. अकरा महिन्यांचा करार ऑगस्टमध्ये होतो आणि एप्रिलमध्ये मालक म्हणतो, ‘दोन महिने खोल्या द्या, सीझन आहे.’ एप्रिल-मे, दिवाळी आणि नाताळ या काळातही घर आमच्याच ताब्यात राहील, असं कलम करारात स्पष्ट घालायचं आणि करार नोंदवायचा. भाडे नियंत्रण कायदा १९९९च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे.

पावसाळ्याची बेगमी तुमच्या घरातून वहिनींनी सांगितली, त्यांचे वेगळे आभार. डाळी, कडधान्यं मेच्या उन्हात वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची. दळण आठवड्यापुरतंच आणायचं. जास्तीचा सिलिंडर जूनच्या आधी भरून ठेवायचा. कपाटात मडक्यात कळीचा चुना ठेवला की तो ओल ओढून घेतो. त्याची भुकटी झाली की बदलायचा, आणि मुलांचा हात पोचणार नाही असा ठेवायचा, कारण ओल्या हाताला तो भाजतो. दाखले, पासबुकं स्टीलच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवायची. निळे खडे गुलाबी झाले की जुन्या तव्यावर पुन्हा निळे होईपर्यंत गरम करायचे. तो तवा स्वयंपाकाला वापरायचा नाही. शेगडीवर डालगं (बांबूची मोठी टोपली) पालथं घालून कपडे वाळवतात, पण बंद खोलीत कोळसा कधीही पेटवायचा नाही, त्याचा वायू जीव घेतो. हे वहिनींनी फार कळकळीनं सांगितलं.

वीज झाडं पडून जाते आणि लवकर येत नाही. इन्व्हर्टर हवा, आणि ओल्या भिंतीतल्या वायरिंगसाठी गळतीचा प्रवाह तोडणारा आरसीसीबी त्याहून जास्त गरजेचा. घरून काम करणाऱ्यानं मोबाईलची रेंज अंगणात न बघता ज्या खोलीत बसायचं त्याच खोलीत बघावी, दोन वेगळ्या कंपन्यांची.

शाळांचं आम्हाला थोडक्यात कळलं तेवढं पुरेसं आहे. पाचगणीच्या नावाजलेल्या शाळा मुळात निवासी आहेत. घरून येणाऱ्या मुलाला घेतात का, कुठल्या इयत्तेत घेतात, हे शाळेत जाऊनच विचारायचं. अकरावी-बारावीला विज्ञान आणि शिकवण्या हव्या असतील तर वाई, म्हणजे ३२ किलोमीटर आणि पसरणीचा घाट, रोज.

दवाखान्याचा विचार मात्र लांबवर करायला लावलात. गावात ग्रामीण रुग्णालय आहे. पाचगणीला बेल-एअर रुग्णालय आहे, जे डॉ. बिलिमोरिया यांनी १९१२मध्ये क्षयरोग्यांसाठी सुरू केलं होतं. मोठ्या आजाराला सातारा किंवा पुणे. आंबेनळी आणि केळघर घाटात पावसाळ्यात दरडी येतात, आणि शनिवार-रविवारी पाचगणी रस्त्यावर वेण्णा तलावापाशी गाड्यांची रांग लागते. हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असलेलं माणूस घरात असेल तर हा रस्ता गर्दीच्या दिवशी स्वतः तुडवून बघा, असं तुम्ही म्हणालात. घरात आजी आहेत, त्यांना दमा आहे. ओल आणि बुरशी दम्याला वाईट, हे डॉक्टरांनीही सांगितलं. त्यामुळे आता आमचा विचार असा ठरतो आहे: पहिला पावसाळा आजींनी पुण्यातच काढायचा आणि आम्ही तलावापासून जरा वर, उतारावरच्या पण वाऱ्याच्या आडोशाच्या घरात भाड्यानं राहायचं. तलावाकाठच्या खोलगट भागात थंडी जास्त साठते, डिसेंबर-जानेवारीत तिथे दव गोठतं. हेही तुमच्यामुळेच कळलं. नाहीतर ‘लेक व्ह्यू’ म्हणून जास्त भाडं देऊन बसलो असतो.

तुम्ही सांगितलेल्या दोन घरांपैकी वरच्या आळीतल्या घराच्या मालकांशी बोलणं झालं आहे. हंगामात घर खाली न करण्याचं कलम त्यांना मान्य आहे. पत्र्याचे वॉशर बदलायचं काम तुमच्या देखरेखीखाली व्हावं, एवढी एक विनंती आहे. मजुरी आणि सामानाचा आकडा कळवावा, पैसे आधी पाठवतो. वहिनींना नमस्कार.

तुमचे ऋणी,
पुण्यातलं बिऱ्हाड