लेट कोण, माझी पोरगी की तुमचं खातं?

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार. आज माझी सातवीतली पोरगी सायनला शाळेच्या गेटवरूनच घरी परत आली. 7 ची शाळा, ही पोचली 7.12 ला, तिसरा लेटमार्क म्हणून वॉचमनने आतच घेतलं नाही. शाळेच्या कॅलेंडरमध्ये, म्हणजे डायरीत, लाल पेनने 'सवयीने उशिरा येते' असा रिमार्क, खाली पालकांची सही, वर माफीपत्र पण हवंय.

सवय कसली हो? आमची चाळ प्रोजेक्टमध्ये गेली, घर मानखुर्दला मिळालं, शाळा राहिली सायनला. नळाला पाणी साडेचारला, ते पण अर्धा तास. मी कळशी लावते, ती ड्रम भरते, युनिफॉर्मच्या बाह्या वर करून, मोजे ओले. मग 5.50 च्या बससाठी उभं राहायचं आणि बस आलीच नाही की धावत स्टेशन, हार्बरने कुर्ला, तिकडे गाडी बदलून सायन. बसचं तिकीट बरं वेळेवर वाढतं, मे 2025 मध्ये मिनिमम 5 चं 10 झालं, बस तेवढी वेळेवर येत नाही.

डिसेंबर 2023 मध्ये राज्यपाल म्हणाले पोरांची झोप होत नाही, लगेच फेब्रुवारी 2024 मध्ये जीआर, चौथीपर्यंतची शाळा 9 च्या आधी नको. छान. पाचवीत गेलं की झोप लागत नाही का पोरांना? उलट वयात येताना झोपच उशिरा लागते, डॉक्टर लोक कधीपासून सांगतायत, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2014 लाच सांगितलं की मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी नको. आपल्याकडे शाळा म्हणते दुपारी दुसरी शिफ्ट असते, वर्ग नाहीत. टॉवरला जागा आहे, वर्गाला नाही. आमच्या पालकांच्या ग्रुपवर विचारलं तर 40 पैकी 15-16 पोरं लेटवाली निघाली (मोजणी कच्ची आहे, तुमच्यासारखीच), बहुतेक लांब फेकलेल्या घरांतली.

लेट आलेल्या पोराला निदान वर्गात तरी बसू द्या, 15 मिनिटांची सूट द्या, आणि 9 चा नियम दहावीपर्यंत न्या, एवढंच मागतेय. शिक्षण हक्क कायद्यात मानसिक त्रास देऊ नये असं लिहिलंय ना? गेटबाहेर दप्तर घेऊन रडत उभं राहणं कशात बसतं? आम्हाला घर द्यायला 6 वर्षं लावली तेव्हा कुणाच्या कॅलेंडरमध्ये रिमार्क गेला?

एक आई, मानखुर्द

ता.क. माफीपत्र उद्याच द्यायचंय. कारणाच्या रकान्यात पाणी लिहू, बस लिहू, की तुमचं खातं, तेवढं कळवा.