डॉक्टर हू : पुसलेल्या फिती आणि जपलेले आवाज

लीड्स,
८ डिसेंबर

प्रिय माधव,

स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. ‘साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे लहानपणी एकदाच पाहिलेल्या मुलांच्या मालिकेबद्दल इतक्या तळमळीने का बोलतात?’ असे तू विचारले आहेस. प्रश्न रास्त आहे. इथल्या वाचनालयात ‘डॉक्टर हू’ची चाहती मंडळी जमतात, त्यांच्यात बसू लागल्यापासून मी याचाच विचार करतो आहे. माझे उत्तर असे की, या मालिकेच्या बाबतीत आठवण ही नुसती मनात घोळवण्याची गोष्ट कधीच नव्हती. ते एक काम होते आणि चाहत्यांनी ते वर्षानुवर्षे नेटाने केले. ज्या संस्थेने मालिका निर्माण केली तिनेच तिच्या फिती पुसल्या आणि ज्यांनी ती फक्त पाहिली त्यांनी तिचे जे जे वाचवता आले ते वाचवले.

पहिला भाग बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी, शनिवारी संध्याकाळी दाखवला गेला. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या आदल्याच दिवशी झाली होती आणि सारा देश त्या बातमीने सुन्न होता, म्हणून पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाच्या आधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला. निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट तेव्हा अवघ्या २७ वर्षांची होती. दिग्दर्शक वारिस हुसेन २४ वर्षांचा. त्याचा जन्म लखनौचा. १९४६ मध्ये, लहान वयातच, तो कुटुंबासोबत इंग्लंडला आला. या दोघांच्या हाती ‘डॉक्टर’ म्हणवणारा एक वृद्ध, तऱ्हेवाईक प्रवासी होता आणि बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्यासारखे दिसणारे, पण आत शिरल्यावर प्रशस्त असणारे त्याचे कालयान, म्हणजे टार्डिस. तशी खोकी तेव्हा ब्रिटनच्या रस्त्यांवर खरोखरच उभी असत. त्यामुळे मुलांच्या दृष्टीने ते यान परक्या जगातले नव्हते. शाळेच्या वाटेवरचे ते खोकेही टार्डिस असू शकत होते.

त्या पिढीतल्या कोणालाही विचार, पहिली आठवण आवाजाची निघते. फुटबॉलचे निकाल वाचून झाले की काही वेळाने ते संगीत सुरू होई. रॉन ग्रेनर यांची ती रचना डेलिया डर्बिशायर यांनी बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये प्रत्यक्षात आणली. तेव्हा सिंथेसायझर हाताशी नव्हता. त्यांनी एकेक स्वर वेगळा ध्वनिमुद्रित केला, फितीचे तुकडे मोजून कापले, जोडले आणि त्यातून ती धून उभी केली. टार्डिसच्या घरघरीसाठी ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या खर्जातल्या तारांवर घराची किल्ली घासली. आमच्या वाचनालयातल्या एक निवृत्त शिक्षिका सांगतात की, ते संगीत लागले की त्या सोफ्यामागे जाऊन बसत आणि मालिका बऱ्याच वेळा डोळ्यांनी नव्हे, कानांनीच ऐकत. सोफ्यामागे लपणे ही इथे लाखो घरांतली आठवण आहे. भीती वाटे ती प्रामुख्याने डालेकांची. टेरी नेशन यांनी लिहिलेले आणि रेमंड क्युसिक यांनी आकार दिलेले ते धातूचे कवचधारी जीव १९६३ च्या डिसेंबरात पडद्यावर आले आणि लवकरच शाळाशाळांच्या पटांगणांत मुले हात ताठ पुढे करून, किनऱ्या आवाजात, एकमेकांना नष्ट करण्याच्या धमक्या देऊ लागली.

हे सारे एकदाच पाहायचे असे. ही गोष्ट तू नीट ध्यानात घे, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. घरात चित्रफितीचे यंत्र नव्हते, पुनःप्रक्षेपण क्वचित होई आणि एखादा शनिवार तापात किंवा मामाच्या घरी गेला तर तो भाग कायमचा गेला. त्यामुळे पाहताना मुले डोळे ताणून पाहत आणि सोमवारी तो भाग एकमेकांना सांगून पक्का करत.

आता बीबीसीने काय केले ते सांगतो. त्या काळी दोन इंच रुंदीची चित्रफीत फार महाग होती आणि ती पुसून पुन्हा वापरता येत असे. कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुना भाग पुन्हा दाखवण्यावर बंधने होती. रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर कृष्णधवल भागांना कोणी विचारीनासे झाले. परदेशी विकण्यासाठी सोळा मिलिमीटरच्या फिल्मवर प्रती काढलेल्या होत्या, पण विक्रीचे हक्क संपले की त्याही टाकून देण्यात येऊ लागल्या. मालिकेच्या पहिल्या सहा वर्षांत २५३ भाग झाले. २०१३ मधल्या मोठ्या शोधानंतरही त्यांतले ९७ गहाळ होते. हा विध्वंस १९७८ मध्ये थांबला. त्यात बीबीसीच्या संग्रहात नव्याने नेमलेल्या सू माल्डेन यांचा वाटा मोठा होता आणि पहिल्या डालेककथेच्या प्रती नष्ट होण्याच्या बेतात असताना तिथे जाऊन धडकलेल्या एका चाहत्याचाही. द्वेषाने किंवा कारस्थानाने हे झाले नाही हे मला समजते. तरीही कपाटात जागा करण्यासाठी एवढे काम नाहीसे केले गेले याचा मला मनापासून राग येतो आणि तो लपवावा असे मला वाटत नाही.

पण चित्र गेले तरी आवाज गेला नाही. गहाळ झालेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी आज उपलब्ध आहे, आणि तो बीबीसीच्या संग्रहातून आलेला नाही. साठच्या दशकात काही शाळकरी मुलांनी आणि तरुणांनी घरातल्या स्पूलच्या टेप रेकॉर्डरचा मायक्रोफोन दूरचित्रवाणी संचाच्या कर्ण्यासमोर धरून आठवड्यामागून आठवडे भाग टिपले. एखाद्याने तर तार थेट संचातच जोडली, म्हणून त्याच्या फिती विलक्षण स्वच्छ आहेत. त्या पंचवीस मिनिटांत घरातल्यांनी बोलायचे नाही, कपबशी वाजवायची नाही, दार लोटायचे नाही असा दंडक असे. तुझ्या वडिलांनी आकाशवाणीवरच्या रात्रीच्या मैफली अशाच, सगळ्यांना दटावून, स्पूलवर घेतल्या होत्या. त्या मुलांची तयारी नेमकी त्याच जातीची होती. आपण देशाचा ठेवा राखतो आहोत असे त्यांच्या मनातही नव्हते. आवडलेली गोष्ट आणखी एकदा ऐकता यावी, एवढीच इच्छा होती. पुढे बीबीसीने याच फिती मागून घेतल्या, मालिकेतल्या जुन्या नटांकडून मधले निवेदन म्हणवून घेतले आणि त्या प्रसिद्ध केल्या. १९६६ च्या ५ नोव्हेंबरला सुरू झालेली डॉक्टरची भूमिका करणारे दुसरे नट पॅट्रिक ट्राउटन यांची पहिली डालेककथा बरोबर पन्नास वर्षांनी, २०१६ च्या ५ नोव्हेंबरला, अॅनिमेशनच्या रूपात परत आली. चित्रे नवी होती, संवाद मात्र कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत टिपलेले.

चित्रांचेही तुकडे असेच जमत गेले. जॉन क्युरा नावाचे एक छायाचित्रकार दूरचित्रवाणीच्या पडद्याचीच छायाचित्रे काढून ती नटांना आणि दिग्दर्शकांना विकत; आज कित्येक गहाळ भागांची दृश्ये कळतात ती त्यांच्या या धंद्यामुळे. ऑस्ट्रेलियात एका प्रेक्षकाने आठ मिलिमीटरचा कॅमेरा पडद्यासमोर धरून काही क्षण टिपले. त्याच देशातल्या सेन्सॉरने मुले घाबरतील म्हणून जे तुकडे कापले होते, ते सरकारी दप्तरात पडून राहिले आणि १९९६ मध्ये तिथल्या चाहत्यांनी ते शोधून काढले. म्हणजे ज्या भागांचे बाकी सगळे नाहीसे झाले, त्यांची नेमकी भीतीदायक दृश्ये तेवढी उरली.

मला सर्वांत जास्त हुरहूर लागते ती ‘मार्को पोलो’ या १९६४ मधल्या सात भागांच्या कथेची. तिचे बहुतेक भाग वारिस हुसेन यांनीच दिग्दर्शित केले. कुब्लाई खानाच्या दरबारापर्यंतचा पामीरचा आणि गोबीच्या वाळवंटाचा प्रवास, हे सगळे लंडनच्या एका कोंदट स्टुडिओत उभे केलेले. एकही भाग शिल्लक नाही. सातही भागांचा आवाज मात्र आहे, पुष्कळ छायाचित्रे आहेत आणि ती रंगीत छायाचित्रे पाहिली की वेशभूषेवर किती जीव लावला होता ते दिसते. लखनौहून आलेल्या एका तरुणाने ब्रिटिश मुलांना आशिया दाखवला आणि ते पाहणे आपल्याला शक्य नाही, ही गोष्ट मला तरी सहज सोसवत नाही.

ऐंशीच्या दशकातले निर्माते जॉन नेथन-टर्नर म्हणत असत की स्मृती फसवते. जुने भाग वाटतात तितके चांगले नव्हते. या म्हणण्याची दोनदा कसोटी लागली. सायबरमेनच्या थडग्यांची १९६७ मधली कथा जुने प्रेक्षक सर्वश्रेष्ठ म्हणून सांगत. १९९२ मध्ये तिचे चारही भाग हाँगकाँगहून परत आले, तेव्हा ज्यांनी ती पूर्वी पाहिली नव्हती त्यांच्यापैकी काहींचा थोडा हिरमोड झाला. थडग्यांतून ते धातुपुरुष पापुद्रा फाडून बाहेर येतात ते दृश्य मात्र आजही अंगावर काटा आणते. दुसरी कसोटी उलट निघाली. ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ या कथेचा सहांपैकी फक्त तिसरा भाग उरला होता, आणि त्यात एक कुरकुऱ्या आचारी वगळता लक्षात राहावे असे फारसे नाही, म्हणून नंतरच्या पिढीने सगळी कथाच कंटाळवाणी ठरवून टाकली. २०१३ मध्ये फिलिप मॉरिस यांना नायजेरियातल्या जोस येथे नऊ हरवलेले भाग सापडले. त्यांत ही कथा पूर्ण झाली. समुद्रकिनाऱ्यावरचा पाठलाग, हेलिकॉप्टर, ट्राउटन यांनी डॉक्टर आणि त्याच्यासारखाच दिसणारा हुकूमशहा अशा दोन भूमिका इतक्या वेगवेगळ्या केलेल्या की एकाच माणसाचे ते काम आहे हे विसरायला होते. आमच्यातले एक वयस्क गृहस्थ, ज्यांनी ती दहाव्या वर्षी पाहिली होती, इतकी वर्षे सांगत होते की ती वेगवान आणि थरारक होती. त्यांचे कोणी ऐकले नव्हते. त्यांची आठवण अचूक होती.

त्याच साठ्यातून ‘द वेब ऑफ फिअर’ही परत आली, लंडनच्या भुयारी रेल्वेत यती शिरतात ती कथा. तिचा तिसरा भाग मात्र अजून नाही.

पुस्तकांविषयी थोडक्यात लिहितो. सत्तरच्या दशकात टार्गेट प्रकाशनाने या कथांच्या छोट्या कादंबऱ्या काढल्या. त्यांतल्या साठहून अधिक एकट्या टेरन्स डिक्स यांनी लिहिल्या. साधी, भरधाव, नितळ भाषा. ज्यांनी साठच्या दशकातले भाग पाहिले नव्हते त्यांना ते याच पुस्तकांतून कळले. वाचनाची गोडी आपल्याला याच पुस्तकांनी लावली असे सांगणारे लोक मला इथे पुन्हा पुन्हा भेटतात.

६ डिसेंबर १९८९ रोजी मालिका बंद पडली. १९९६ चा एक दूरचित्रवाणी चित्रपट सोडला तर २००५ पर्यंत पडद्यावर नवे काही आले नाही. त्या काळात चाहत्यांनीच कादंबऱ्या लिहिल्या, नव्या श्राव्य कथा बनवल्या, नियतकालिके चालवली. २६ मार्च २००५ रोजी रसेल टी डेव्हिस यांनी ती परत आणली तेव्हा लिहिणारे, निर्माण करणारे, पुढे अभिनय करणारेही याच मंडळींतले होते. पीटर कपाल्डी यांचे पत्र ते शाळेत असताना, १९७४ मध्ये, ‘रेडिओ टाइम्स’ने छापले होते, जवळजवळ चाळीस वर्षांनी तेच डॉक्टर झाले. या माणसांना जुनी मालिका पाठ होती, म्हणून नवी इतक्या ठामपणे उभी राहिली असे माझे मत आहे.

‘मार्को पोलो’च्या ध्वनिमुद्रणाची तबकडी पुढच्या महिन्यात विद्याताईंबरोबर पाठवतो आहे, त्या संक्रांतीला सांगलीस येत आहेत. सोबत छायाचित्रांची एक वहीही आहे, भागवार लावलेली, म्हणजे ऐकताना कोण कुठे उभे आहे ते कळेल. चौथ्या भागापर्यंत पोहोचलास की मला लिही; टेगाना हे पात्र तुला कसे वाटले ते मला जाणून घ्यायचे आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीनिवास