डिस्चार्ज कार्डावर ‘पायावर वजन किती’ हे लिहा

महोदय,

मांडी, नडगी किंवा घोट्याच्या फ्रॅक्चरचे ऑपरेशन होऊन रुग्ण चंदगड, आजरा, गगनबावड्याला घरी परततो, तेव्हा त्याच्या कार्डावर बहुतेक वेळा ‘विश्रांती’ एवढेच लिहिलेले असते. मग घरचे ठरवतात, तीन महिने पाय टेकायचाच नाही. हा नियम सरसकट सगळ्यांना लावणे चुकीचे आहे.

मांडीच्या किंवा नडगीच्या हाडाच्या मधल्या भागात आतून रॉड टाकून दोन्ही टोकांना स्क्रू मारले असतील, तर भार रॉडही पेलतो. अशा बहुतेक रुग्णांना वॉकर धरून, सोसेल तेवढे वजन पहिल्या काही दिवसांतच टाकता येते. त्याने हाड जुळायलाही मदत होते. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांना तर शक्यतो दुसऱ्याच दिवशी उभे करावे लागते, नाहीतर न्यूमोनिया, पाठीच्या जखमा आणि रक्ताच्या गुठळ्या मागे लागतात. उलट फ्रॅक्चर गुडघ्याच्या सांध्यात गेले असेल, तर सहा ते बारा आठवडे वजन टाळावे लागते. घाई केली तर प्लेट असूनही सांध्याचा पृष्ठभाग खचतो. कोणता रुग्ण कशात बसतो, हे फक्त ऑपरेशन करणाऱ्या सर्जनलाच ठाऊक असते. म्हणून ते त्यांनीच लिहून द्यायला हवे.

‘थोडे वजन टाका’ म्हणून कुणाला काही कळत नाही. वीस किलो सांगितले असतील तर घरचा वजनकाटा घ्यावा. ऑपरेशनचा पाय काट्यावर, दुसरा तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवावा आणि वॉकर धरून काटा वीसवर येईपर्यंतच दाबावे. असे रोज केले की पायाला अंदाज येतो. सरळ उभे राहून हात खाली सोडल्यावर वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत यावी. कुबडी काखेत रुतवू नये, दोन-तीन बोटे अंतर ठेवून भार तळव्यांवर घ्यावा. नाहीतर नस दबून हात लुळा पडतो.

सर्वांत जास्त नुकसान गुडघ्याखालच्या उशीने होते. बरे वाटते म्हणून ती तिथेच राहते आणि गुडघा वाकलेल्या स्थितीत आखडतो. पुढे हाड जुळले तरी माणूस लंगडतच चालतो. उशी टाचेखाली घ्यावी. सर्जनने मनाई केली नसेल तर गुडघा गादीवर दाबून पाच सेकंद धरावा, असे दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. जागे असताना तासातासाला पाऊल वर-खाली हलवावे. तेल चोळून मालिश करू नये. पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर त्याच वेळी दवाखाना गाठावा. मिश्री-तंबाखूने हाड जुळायला उशीर होतो, हेही घरच्यांना स्पष्ट सांगावे.

जिल्ह्यातील सरकारी आणि खासगी रुग्णालयांना आमची विनंती आहे की, छापील कार्डात मराठीतून तीन रकाने घालावेत : कोणता पाय, किती किलो, कोणत्या तारखेपर्यंत. पुढच्या एक्स-रेनंतर त्याच रकान्यात नवा आकडा लिहावा.

– फिजिओथेरपिस्ट, कोल्हापूर